पाला जाळू नका, आम्हाला द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत हिवाळ्यात कुंडीत काय काय लावता येतं यावर पानभर मजकूर आला होता, आमच्या बागेतल्या शेडमधे तो आम्ही चिकटवून पण ठेवलाय. चांगला होता. पण लावायच्या आधी जे महिना-दीड महिना काम असतं त्याबद्दल कुठेच फारसं येत नाही, आणि त्या कामाला जी वस्तू सगळ्यात जास्त लागते ती तर मुंबईत रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या गेटच्या बाजूला काडी लावून जाळून टाकतात. सुका पाला. मी त्याबद्दलच लिहितेय. पत्र लांबलंय, जागा असेल तेवढं छापा, पण पाल्याचं तेवढं कापू नका ही विनंती.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. इथे एका मैदानाच्या कोपऱ्यात जेमतेम दीड गुंठा जागेत आम्ही काही लोक मिळून भाजीची बाग करतो, पगारी कोणी नाही, माळी नाही, सगळे आपापल्या वेळेनुसार येतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर बावीस जण आहेत, रविवारी सकाळी सात वाजता प्रत्यक्ष हातात खुरपं घेणारे सात-आठ. त्यातले पेणचे काका आणि वसईच्या मावशी हे दोघं खरे शेतकरी घरातले, बाकी आम्ही सगळे ऑफिसवाले, शिकत शिकत करणारे. मी स्वतः तीस वर्षं मुलुंड-सीएसएमटी लोकल केली, रिटायर झाल्यावर इथे यायला लागले आणि आता रविवार चुकला तर मला करमत नाही.

मुलुंड पूर्वेचं नाव काढलं की जुन्या लोकांना डंपिंग ग्राउंडच आठवतं. १९६७ पासून २०१८ पर्यंत इथे कचरा पडत होता, आमच्या लग्नानंतरची कित्येक वर्षं संध्याकाळी खिडक्या लावून घ्यायची सवयच होती. ते बंद झालं पण कचरा काही बंद झाला नाही, मुंबईचा बहुतेक कचरा आता शेजारच्या कांजूरला जातो. म्हणून आम्ही बाग सुरू केली तेव्हाच ठरवलं होतं की खत विकत आणायचं नाही, आजूबाजूच्या घरांतला ओला कचरा आणि झाडांचा सुका पाला यातूनच करायचं. आणि हे काही आम्ही नवीन शोधलेलं नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर प्रयोग परिवार या शेतकऱ्यांच्या गटातून हेच सांगत आयुष्यभर फिरले, आणि आपल्या मुंबईतच पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमाराला स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर बाग उभी केली. आम्ही आपले त्यांच्या मागून चालणारे.

आता पाल्याचं गणित सांगते, कारण बऱ्याच लोकांना वाटतं की ओला कचरा टाकला की खत होतं. नाही होत. नुसता ओला कचरा टाकला तर तो सडतो, पाणी सुटतं, अळ्या होतात, वास मारतो. त्याच्यात सुकं काहीतरी पडायलाच पाहिजे, आम्ही एक बादली ओल्याला दीड-दोन बादल्या सुका पाला टाकतो. म्हणजे खताच्या ढिगात निम्म्याहून जास्त पालाच असतो. शिवाय वाफ्यावर आच्छादन करायला पाला, रोपांच्या ट्रेमधे मातीत मिसळायला कुजलेला पाला. पाला नसेल तर आमची बाग नाही, इतकं सरळ आहे.

पण मुंबईत मोठी पानगळ होते ती फेब्रुवारी-मार्चमधे, आणि आम्हाला पाला लागतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे. म्हणून होळीच्या आधीच आम्ही गोळा करून ठेवतो. पर्जन्यवृक्षाची पानं सगळ्यात छान, बारीक असतात आणि लवकर कुजतात, सोनमोहराची पण तशीच. बदामाची मोठी चामड्यासारखी असतात, ती पायाने तुडवून बारीक करावी लागतात, आंब्याची त्याहून चिवट. या वर्षी पण फेब्रुवारीपासून पोती पोती भरून आणली, मैदानाच्या भिंतीला लागून जाळीचा एक पिंजरा केलाय छातीइतका उंच, त्यात भरली, पावसाळ्यात वरून ताडपत्री टाकली. जवळजवळ चाळीस पोती होती. सप्टेंबरमधे आत हात घातला तर खालची पानं काळी भुसभुशीत झाली होती, बोटांनी चुरली की चहाच्या चोथ्यासारखी. वसईच्या मावशी म्हणाल्या, "या वेळी मातीला काही कमी पडायचं नाही."

दसरा आणि दिवाळीच्या मधल्या एका सकाळी पेणच्या काकांचा फोन आला, ताई लवकर या, आपला पाला पेटलाय. मी गाऊनवर ओढणी घेऊन तशीच धावले. शेजारच्या एका सोसायटीने दिवाळीची साफसफाई काढली होती, भिंतीपलीकडचा कचरा पण साफ करा असं कोणीतरी साफसफाईवाल्या मुलाला सांगितलं, त्याला बिचाऱ्याला काय माहीत हा कचरा नाही म्हणून, त्याने ताडपत्री काढली आणि काडी लावली. वरचा सुका पाला भडकला आणि खालचा अर्धा कुजलेला ओलसर होता तो आतल्या आत धुमसत राहिला. आम्ही बादल्यांनी पाणी टाकलं, वरून विझलं वाटायचं आणि तासाभराने परत धूर. दोन दिवस चाललं ते. शेवटी सगळा ढीग फावड्याने उपसून पसरला तेव्हा कुठे थांबलं. चाळीस पोत्यांतली चार-पाच पोती वाचली असतील. त्या मुलावर माझा अजिबात राग नाही, तो तर दुसऱ्या दिवशी येऊन आम्हाला उपसायला मदत करून गेला. पण ज्यांनी सांगितलं त्यांच्याशी बोलायला गेलो तर उत्तर मिळालं की पालाच होता ना. हे "पालाच होता ना" माझ्या मनातून जात नाहीये, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

कारण त्यानंतरच्या महिनाभरात काय काय झालं ते बघा. ऑक्टोबर हीटमधे इथे ऊन पस्तिशीला जातं, पाऊस थांबला की आठ दिवसांत वाफ्याची माती विटेसारखी होते. आमची जागा भरावाची आहे, खाली सगळे टाइल्सचे तुकडे आणि मुरूम, वर विटांचे कट्टे करून त्यात माती घातलीय, ती पातळ माती उघडी राहिली की तापते. पाल्याचं आच्छादन असतं तर खाली ओल टिकते. या वर्षी नव्हतं. आणि त्यातच पावसाळ्यातलं सगळं उपसायचं होतं. लव्हाळा तर एवढा माजला होता, तो नुसता उपटून जात नाही, त्याच्या गाठी मातीत राहतात आणि पंधरा दिवसांत परत हिरवे कोंब वर, म्हणून टिकावाने वीतभर खणून एकेक गाठ वेचावी लागते. दोन रविवार फक्त लव्हाळ्यात गेले. काकडी आणि पडवळाचे वेल संपलेले, ते काढले. शिराळ्याचे दोन-तीन मुद्दाम वेलावरच ठेवले होते बियाण्याला, ते वाळून हलके झाले, हलवले की आत बिया खुळखुळतात, खालचं टोक मोडलं की काळ्या बिया आपोआप हातात पडतात आणि उरलेल्या जाळीने आम्ही खुरपी घासतो.

ओल्या कचऱ्याचं तर त्याहून वाईट झालं. आजूबाजूच्या तीस-पस्तीस घरांतून बादल्या येतातच, दिवाळीत तर जास्तच. पाला नाही म्हणून नवीन ढिगाला वास यायला लागला. आणि तक्रार कोणी केली तर त्याच शेजारच्या सोसायटीने. तक्रार खरीच होती, वास येतच होता, मी जाऊन माफी मागितली. पण मी त्यांना हेही सांगितलं की जो पाला तुमच्या सांगण्यावरून जळला तो असता तर हा वास आला नसता. तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या सेक्रेटरींनी नीट ऐकून घेतलं. आता त्यांच्या आवारातल्या दोन बदामांचा आणि एका जांभळाचा पाला ते पोत्यात भरून देतात, प्लास्टिक वगैरे काढून. याचं मला खूप बरं वाटलं आणि म्हणूनच वाटलं की सगळ्यांना सांगावं, कारण लोकांना माहीतच नसतं.

मधल्या काळात आम्ही मिळेल ते गोळा केलं. रसवंतीवाल्या भैयाकडून उसाची चिपाडं आणली, ती उत्तम, नुसती ती फुगीर असतात म्हणून कोयत्याने तोडून घ्यावी लागतात आणि गोड असल्यामुळे मुंग्या येतात तर ओल्या कचऱ्याच्या मधल्या थरात दाबायची. जुनी वर्तमानपत्रं फाडून घातली. सुताराकडून भुसा आणला पण तो फक्त साध्या लाकडाचा, प्लायवुडचा घेत नाही कारण त्यात गोंद असतो. आणि झेंडू! दसऱ्याची आणि लक्ष्मीपूजनाची तोरणं लोक दुसऱ्या दिवशी पिशवीत बांधून कोपऱ्यावर ठेवतात, आम्ही घरोघर सांगून ती मागून घेतली, अकरा पोती झाली. पण त्यातला दोरा नायलॉनचा असतो, मधे मधे सोनेरी कागद, प्लास्टिकची पानं, ते सगळं हाताने काढावं लागतं. एका दुपारी आम्ही पाच बायका सतरंजी टाकून फक्त दोरे ओढत बसलो होतो, बोटं पिवळी आणि तो उग्र वास रात्री जेवताना पण हाताला. सुकलेल्या फुलांतलं बी वेगळं काढून टोमॅटोच्या वाफ्याच्या कडेने टाकलंय, झेंडू असला की मुळांना गाठी करणारी सूत्रकृमी कमी होते, आणि पाकळ्या खतात.

पेरणी आम्ही यंदा दिवाळीनंतर केली. आधी घाई करायचो, पुरवणीत वाचून ऑक्टोबरमधेच पालक टाकायचो आणि तो तापलेल्या मातीत उगवायचाच नाही धड. पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा हे दिवाळी झाल्यावरच, आणि पहिले पंधरा दिवस वर हिरवी जाळी. धणे तसेच टाकले तर उगवायला फार वेळ लावतात, ते पाटावर टाकून चपलेच्या तळाने हलकेच रगडायचे म्हणजे एका धण्याचे दोन होतात, मग रात्रभर भिजवून पेरायचे. वांगी आणि टोमॅटोची रोपं पावसातच करवंट्यांमधे तयार केली होती, ती गणपतीनंतर लावली. वांग्याला आता जांभळी फुलं आहेत आणि दोन झाडांना अंगठ्याएवढी वांगी लागलीत. आमच्यात चातुर्मासात वांगी न खाणारे बरेच आहेत, चंपाषष्ठीला भरीत आणि रोडगा, तोपर्यंत चार वांगी तरी निघाली पाहिजेत असं सगळ्यांचं चाललंय.

वालाबद्दल सांगायलाच पाहिजे कारण तो आमचा सगळ्यात लाडका. कोकणात भात काढलं की त्याच शेतातल्या ओलीवर वाल टाकतात, पेणच्या काकांचं लहानपण त्यातच गेलं. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे पण खाडी आणि मिठागरं जवळ, त्यामुळे ते थोडं खारट. पालकाला आणि बीटाला ते चालतं, वालाला चालत नाही, पहिल्या वर्षी पानांच्या कडा जळून गेल्या होत्या आणि आम्हाला कळेच ना का. आता शेडच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी दोन मोठ्या टाक्यांत साठवलंय, ते फक्त वालाला आणि रोपांच्या ट्रेला. बी कोकण भूषण जातीचं, बुटकं झाड असतं, मांडव लागत नाही. रात्रभर भिजवलं, ओल्या फडक्यात बांधलं, मोड दिसल्यावर बोटाच्या दोन पेरांइतकं खोल टोचलं. शनिवारी महापालिकेच्या शाळेतली मुलं येतात, त्यातल्या एकीने विचारलं की आजी, हा मान खाली घालून का बाहेर येतो. खरंच वाल उगवताना आधी फक्त वाकलेली मान दिसते, पांढरट हिरवी, माती थोडी तडकलेली. काका तिच्याजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "सरळ आला तर त्याच्या डोळ्याला माती घासेल ना, म्हणून मानेने वाट करतो आणि मग डोळा वर काढतो." ती मुलगी तिथून हललीच नाही, दुसऱ्या दिवशी रविवार असूनही आईला घेऊन आली, मान सरळ झाली का बघायला. झाली होती.

परवाच्या रविवारी ऑगस्टमधे लावलेला खताचा जुना ढीग उघडला, पाला जळण्याच्या आधीचा, त्यात आमचा पाला भरपूर होता. पहाटे जरा गारवा होता, यंदा पहिल्यांदाच. काकांनी फावडं घातलं आणि आतून वाफ निघाली, वरचा थर अजून गरम होता, हात ठेवला तर पटकन काढावा लागेल इतका, तो बाजूला केला आणि खालचं तयार खत चाळून घेतलं. काळंभोर, कोरडंसं, वास अजिबात नाही, अंड्याची टरफलं आणि आंब्याच्या दोन-तीन कोयी सोडल्या तर कशाचा कचरा होता हे ओळखू येत नव्हतं. अठरा घमेली निघालं. गेल्या वर्षी याच वेळी तीस निघालं होतं कारण दुसराही ढीग तयार होता. त्यामुळे या वर्षी गाजराचा वाफा रिकामाच ठेवलाय, मुळाही अर्धाच टाकला. हे नुकसान मोठं नाही असं कोणी म्हणेल. आमच्या भाजीवर एका घराचा पण महिना निघत नाही हे मला माहिती आहे, येणाऱ्यांना जुडी जुडी मिळते, उरलं तर वॉचमन आणि सफाईवाल्या ताईंना. पण माती बनवायला आम्हाला चार वर्षं लागली आणि एका काडीने वर्षभराची भर गेली.

कायदा पण आहे हो याला. उघड्यावर कचरा जाळू नये हे २०१६ च्या घनकचरा नियमांतच आलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमधे राष्ट्रीय हरित लवादाने साध्या प्रकाराला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये दंड सांगितला. पाला यातच येतो. आणि हिवाळ्यात तर तो धूर जातच नाही, वारा पडलेला असतो, सकाळी गार हवा खाली बसलेली असते, शाळेला निघालेली मुलं त्यातूनच चालतात. आमच्याकडे त्या दोन दिवसांत एका काकांना दम्याचा पंप दोनदा घ्यावा लागला. पण मला दंडाची भाषा करायची नाहीये, मला पाला पाहिजे. ज्या सोसायटीत दोन मोठी झाडं आहेत तिथे एक कोपरा, चार बांबू आणि थोडी जाळी एवढं केलं तरी वर्षभराचा पाला मावतो. स्वतःला खत करायचं असेल तर फारच छान, नसेल तर जवळपास कोणी बाग करत असेल त्यांना द्या, प्रत्येक उपनगरात आता गच्चीवर किंवा शाळेत अशी एखादी बाग असतेच. झाडू मारणाऱ्या माणसाला फक्त एवढं सांगायचं की पाला वेगळ्या पोत्यात, पेटवायचा नाही. तुमच्या पेपरने फेब्रुवारीत पानगळ सुरू व्हायच्या आधी हे एक छोट्या चौकटीत छापलं तर फार उपयोग होईल, आत्ता नाही, तेव्हाच, कारण तेव्हाच लोकांच्या दारात पाला पडलेला असतो.

आणि दुसरं एक, हात. जानेवारीत बाग हिरवी झाली की खूप लोक येतात, मुलांना घेऊन येतात, फोटो काढतात, आम्हाला आनंदच होतो. पण कंबर मोडायचं काम आत्ताचं आहे आणि आत्ता दिवाळीच्या सुट्टीमुळे, लग्नांमुळे कोणी नसतं. मेथीची विरळणी राहिलीय, मिरचीला बोकड्या, म्हणजे पानं आकसून वळतात तो रोग, दिसायला लागलाय म्हणून निंबोळी अर्क मारायचाय, कबुतरं कोवळी रोपं उपटतात तर जाळी ताणून बांधायचीय. भोगीच्या भाजीला वालपापडी, वांगी, गाजर, हरभऱ्याचे घाटे असं सगळं लागतं, दरवर्षी त्यातलं निम्मं तरी आम्ही आमच्या मातीतलं घालतो आणि त्या दिवशी शेडमधे सगळ्यांना एकेक वाटी भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते. यंदा गाजर बाजारातून आणावं लागेल. वाल मात्र येईल, झाडं आत्ता वीतभर झालीत.

मुलुंड, भांडुप, नाहूरच्या वाचकांना पाला द्यायचा असेल तर रविवारी सात ते दहा आम्ही तिथेच असतो, पोती आमची आहेत, धुऊन वाळवून ठेवलीत, सांगाल तर आणून देऊ. नवलकोल आणि कोबीची रोपं चार पानांवर आली आहेत, येत्या रविवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर लावायचीत आणि त्या दोन वाफ्यांवर टाकायला आमच्याकडे सध्या फक्त दीड पोतं पाला आहे.

आपली,
एक वाचक, मुलुंड पूर्व